विहीर सामाईक, ओढ वेगळी

पुष्पलता विश्राम तांडेल चिंचणीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आली तेव्हा तिच्याआधी तिच्या ट्रंकेचा वास गावात शिरला, असं तिची घरमालकीण सोजराबाई पुढे सगळ्यांना हसत हसत सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. सातपाटीहून निघताना पुष्पलताच्या आईनं, काशीबाईनं, रसायनाच्या जाडजूड पुस्तकांखाली सुक्या बोंबलांच्या दोन जुड्या आणि सुक्या कोळंबीच्या सोड्यांचं गाठोडं दडपून ठेवलं होतं. पालघर ते बोईसर रेल्वेत कुणी काही बोललं नाही. बोईसरला एसटीत चढताना मात्र कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला आणि ट्रंक टपावर टाकायला लावली. पुष्पलतानं मान खाली घातली नाही. "नीट ठेवा हं," ती म्हणाली, "खाली शास्त्र आहे आणि त्याच्याही खाली जेवण."

साल सहासष्ट. तारापूरच्या अंगाला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. बोईसरच्या रस्त्यावर सिमेंटचे ट्रक धूळ उडवत जायचे, चहाच्या टपऱ्यांवर हिंदी ऐकू यायची. अशा दिवसांत सातपाटीच्या एका तांडेलाची मुलगी बी.एस्सी. होऊन परतली, ही गोष्ट किनाऱ्यावर गावोगाव पोचली होती. तिचा बाप विश्राम जन्मभर होडीवर राहिलेला माणूस. कुणीही बाहेरून आलं की त्याचा एकच प्रश्न असायचा. मुंबईला मावशीकडे राहून शिकून आलेल्या लेकीलाही त्यानं तोच विचारला.

"काय आणलंस?"

"रसायनशास्त्र."

विश्रामनं थोडा विचार केला. "खायाचं हाय का लावायचं?"

"दोन्ही. आणि शिकवायचं."

"मग शिकव," तो म्हणाला आणि जाळं विणायला बसला. त्या घरात पोरीच्या नोकरीची चर्चा एवढीच झाली.

चिंचणीत तिला खोली मिळाली ती सोजराबाई राऊतकडे. सोजराबाई चाळिशी ओलांडलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बोलणं तिखट, हात मोकळा. पहिल्याच संध्याकाळी तिनं पुष्पलताची ट्रंक हुंगली आणि विचारलं, "बोंबील भाजतेस का तळतेस?" भाजते म्हटल्यावर तिनं चुलीतले निखारे पुढे ओढले. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं.

घरामागं सोजराबाईची लहानशी वाडी होती. थोड्या केळी, वालाचे वाफे, मोगऱ्याच्या काही ओळी. कुंपणापलीकडे तिच्या धाकट्या दिराची, दामू राऊतची, वाडी. ती चांगली चौपट मोठी. आणि दोन्ही वाड्यांच्या मधोमध विहीर. कुंपण विहिरीच्या काठापाशी येऊन थांबायचं आणि पलीकडच्या काठापासून पुन्हा सुरू व्हायचं. सासऱ्यानं मरताना जमीन दोन्ही मुलांना वाटून दिली, पण विहिरीपाशी त्याचा हात अडला असावा. विहीर त्यानं सामाईक ठेवली.

दामूच्या बाजूला रहाट होता. बैल जुंपला की तो पहाटेपासून कुरकुरत फिरायचा आणि पाणी पाटानं खळखळत दामूच्या वाफ्यांत जायचं. सोजराबाईच्या बाजूला कप्पी, दोर आणि कळशी. कळशी आत सोडताना ती रोज पाण्याकडे बघून म्हणायची, "ओढ रे बाबा, ओढ." ती हे पाण्याला म्हणते की कुंपणापलीकडे, ते विचारायची गरज नव्हती. दीर-भावजयीचं बोलणं सोजराबाईचा नवरा गेल्यापासून बंद होतं. भांडण असं झालंच नव्हतं. नुसती अढी. काही सांगायचं असलं तर दामूची मुलगी हिरा कुंपणाच्या फटीतून यायची. "काकी, बाबा विचारतात, उद्या पूजेला केळीची पानं आहेत का?" काकी पानं कापून द्यायची आणि म्हणायची, "तुझ्या बापाला तोंड हाय ना?" हिरा एवढा भाग गाळून निरोप पोचवायची.

हिरा अकरावीत होती आणि पुष्पलताच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. वर्गात मुली मोजक्याच. हिराला प्रश्न विचारायची खोड होती. इतर मास्तरांना ती आवडायची नाही. पुष्पलताला तिच्यावाचून तास अळणी वाटायचा.

पौषात अणूंच्या बंधांचा धडा आला. पुस्तकात तो दोनच पानांत उरकला होता, आणि ती पानं अशी होती की मुलांनी पाठ करावीत आणि पेपर संपला की विसरावीत. पुष्पलताला हा धडा मनापासून आवडायचा. जग कशानं एकत्र धरलेलं आहे, हे सांगणारी ती दोन पानं आहेत असं तिला वाटायचं. म्हणून त्या दिवशी ती जरा उत्साहातच वर्गात शिरली.

"अणू म्हणजे काय?" तिनं सुरुवात केली.

"तारापूरला बांधतात ते," मागून आवाज आला. वर्ग हसला, तीही हसली.

"तिथं अणू फोडणार आहेत. आपण आज जोडणार आहोत," असं म्हणून तिनं फळ्यावर हायड्रोजनचे दोन अणू काढले. प्रत्येकाच्या बाहेर एकेक इलेक्ट्रॉन. "प्रत्येकाला दोन हवेत. एकानं दुसऱ्याचा ओढून घ्यावा, तर दोघांचं बळ सारखं, कुणीच सोडत नाही. मग ते काय करतात? दोघंही आपापला इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात. दोन्ही इलेक्ट्रॉन दोघांचे. हा सहसंयुज बंध."

हिराचा हात वर गेला. "बाई, पण दोन इलेक्ट्रॉन दोघांत वाटले तर एकेकच आला. आधीही एकेकच होता. मग मिळालं काय?"

प्रश्न बिनतोड होता. पुष्पलताला कॉलेजात कुणी हा विचारला नव्हता, आणि तिनंही नव्हता. घोटाळा शब्दात होता. वाटणी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सुरी येते. ती फळ्यापाशी उभी राहिली, खडू बोटांत फिरवत राहिली, आणि मग तिला एकदम सुचलं.

"वाटले नाहीत, हिरा. सामाईक ठेवले. तुमच्या घरचंच बघ ना. तुमची आणि तुझ्या काकीची विहीर एकच. ती मधोमध कापून अर्धी अर्धी नेली का कुणी? उद्या कुणी तुला विचारलं, तुमच्या दारी विहीर आहे का, तर तू म्हणशील, आहे. काकीला विचारलं तर तीही म्हणेल, आहे. विहीर एक, पण दोन्ही घरांच्या हिशेबी एकेक पूर्ण विहीर. तसेच हे इलेक्ट्रॉन. दोन्ही अणूंच्या हिशेबी दोन-दोन."

हिराचा चेहरा उजळला. मागच्या बाकांवरची पोरंही पुढे सरसावली. एवढ्यावर ती थांबली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण वर्ग डोळे विस्फारून ऐकत असला की कोणत्याही शिक्षकाची जीभ आवरत नाही.

"आता दुसरा बंध बघा." तिनं फळ्यावर हायड्रोजनशेजारी क्लोरीन काढला. "हेही इलेक्ट्रॉन सामाईक. पण क्लोरीनची ओढ जास्त. म्हणजे विहीर तीच, पण एका काठावर रहाट आणि दुसऱ्या काठावर नुसती कळशी. विहीर तुटली का? नाही. पण पाणी जास्त कुणीकडे?"

"दामूकाकाकडे!" वर्ग एका सुरात ओरडला.

"बरोबर," पुष्पलता म्हणाली आणि फळ्याकडे वळली. "म्हणून क्लोरीनच्या बाजूला किंचित ऋणभार, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धनभार. एका बंधाला असे दोन ध्रुव झाले, म्हणून तो ध्रुवीय. पहिला, बरोबरीच्या ओढीचा, तो अध्रुवीय."

पाठीमागं खसखस पिकली होती ती तिनं विषयाची गोडी समजली. हिराच्या कानशिलांपर्यंत चढलेली लाली तिला दिसलीच नाही.

संध्याकाळपर्यंत चिंचणीच्या बाजारपेठेत दामू राऊतचं नवं नाव पडलं होतं. क्लोरीनकाका. पोरं सायकलवरून जाता जाता हाक मारायची. क्लोरीन म्हणजे काय हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्यानं त्यानं आपल्या मनाला येईल तो अर्थ लावला, आणि त्यातला एकही चांगला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिरा शाळेत आली नाही. दामू आला. उंच, रापलेला, डोक्याला फेटा, पायात कातडी वहाणा. तो सरळ हेडमास्तरांच्या खोलीत शिरला. हेडमास्तर कमलाकांतसर संस्कृतचे. क्लोरीन ही शिवी आहे की उपाधी, हे त्यांनाही नक्की सांगता येईना.

"माझ्या विहिरीचा तमाशा मांडलाय तुमच्या बाईंनी," दामू म्हणाला. "मी पाणीचोर हाय? भर वर्गात? माझ्याच पोरीच्या समोर?"

कमलाकांतसरांनी त्याला पाणी दिलं, बसवलं, ऐकून घेतलं आणि पुष्पलताला बोलावलं. तोवर दामू निघून गेला होता.

"बाई, उदाहरण कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं होतं, सर."

"चांगलं होतं म्हणूनच बोभाटा झाला. वाईट उदाहरण कुणाच्या लक्षात राहतं? पण अणूंना अब्रू नसते, बाई. माणसांना असते. काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

ती घरी आली ती काहीतरी धीराचं ऐकायला मिळेल या आशेनं. तिथं वेगळंच संकट उभं होतं. सोजराबाई सणासारखी खूश होती. ओट्यावर शेजारणी जमवून ती सांगत होती, "पुस्तकात हाय! छापलेलं! ज्याचा रहाट, तो ऋण. ऋण म्हंजे काय? कर्ज! दाम्यावर माझं पाण्याचं कर्ज हाय, आता शाळेतपन शिकवतात."

"अहो काकू, ऋण म्हणजे तसं नव्हे," पुष्पलता कळवळून म्हणाली. "ते विजेच्या भाराचं नाव आहे. आणि पुस्तकात विहीर नाहीच. विहीर माझी."

"विहीर तुझी कशी? ती आमची," सोजराबाई म्हणाली आणि शेजारणी हसून लोटपोट झाल्या.

त्या रात्री पुष्पलताला जेवण गेलं नाही. एका वाक्यानं तिनं एका माणसाला गावभर हसं केलं होतं आणि दुसऱ्याच्या अढीला शास्त्राचं खतपाणी घातलं होतं. सगळ्यांत जास्त तिला हिराचं बाक टोचत होतं. ती पोरगी परत आलीच नाही तर?

रविवारी सकाळी तिनं पदर खोचला, एका पिशवीत काचेचे दोन पेले आणि मिठाची पुडी घेतली, कंदिलात भरायच्या घासलेटाची बाटली उचलली, आणि सोजराबाई "त्याच्या दारात जायाचं काय कारन?" म्हणेपर्यंत ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलीसुद्धा.

दामू ओटीवर सुपाऱ्या सोलत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. दारामागून हिरा बघत होती.

"दामूभाऊ, मी माफी मागायला आले आहे," पुष्पलता उभ्यानंच म्हणाली. "मला रहाट आणि कळशी दिसली, त्यामागची माणसं दिसली नाहीत. वर्गात तुमच्या घराचं नाव घेणं चूक होतं. उद्या वर्गात मी तसं सांगणार आहे. हिराला शाळेत पाठवा. तिचं काही चुकलेलं नाही."

दामूनं आणखी एक सुपारी सोलली. मग त्यानं बसायचा पाट पुढे सरकवला. "बसा." आणि खाली बघतच, "तो क्लोरीन. तो चोर असतो काय?"

"मुळीच नाही," पुष्पलता बसत म्हणाली. "त्याच्या गाभ्याचं बळ मोठं असतं, त्यामुळे जवळ आलेल्या इलेक्ट्रॉनांना तो जास्त ओढतो. ही ओढ त्यानं कुणाकडून हिसकावलेली नाही. अंगचीच असते."

"आन तो दुसरा? लहानगा?"

"हायड्रोजन. तो काही उघडा पडत नाही. ते इलेक्ट्रॉन त्याचेही असतातच, नुसते क्लोरीनकडे थोडे जास्त झुकलेले. एकानं दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन पुरता काढून घेतला, तर तो बंधच वेगळा. मिठात तसं असतं. तिथं सामाईक असं काही उरत नाही."

दामूनं आता मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग होता, पण रागाशेजारी दुसरंही काही बसलं होतं. हिरा प्रश्न विचारायच्या आधी जशी बघायची, तसंच. पोरीनं ती खोड कुठून आणली ते पुष्पलताला कळलं.

"मग बरं कुठलं?" दामूनं विचारलं. "सारख्या ओढीचं का कमीजास्त?"

"दाखवते. हिरा, एका पेल्यात पाणी आण गं."

हिरा धावत पाणी घेऊन आली. दुसऱ्या पेल्यात पुष्पलतानं घासलेट ओतलं. दोन्हींत चिमूट-चिमूट मीठ टाकलं आणि काडीनं ढवळायला लावलं. पाण्यातलं मीठ बघता बघता नाहीसं झालं. घासलेटातलं मीठ तळाशी जाऊन बसलं. हिरानं ते पुन्हा ढवळलं. ते गरगर फिरलं आणि पुन्हा खाली बसलं.

"घासलेटात कार्बन आणि हायड्रोजन," पुष्पलता म्हणाली. "त्यांची ओढ जवळजवळ सारखी. त्यामुळे त्याच्या रेणूला धन टोक नाही की ऋण टोक नाही. मिठाला धरायला काही सापडतच नाही. पाण्याचा रेणू मात्र बेचक्यासारखा असतो. मुठीशी ऑक्सिजन आणि दोन फाट्यांच्या टोकांना हायड्रोजन. ऑक्सिजन भारी ओढीचा. म्हणून मुठीची बाजू किंचित ऋण, फाट्यांची बाजू किंचित धन. मिठातल्या धनकणांना पाण्याच्या मुठी घेरतात, ऋणकणांना फाटे घेरतात, आणि मिळून त्यांना सुटं करून नेतात."

"म्हंजे ऑक्सिजन हावरा, म्हणून मीठ इरगळतं?"

"हावरा नव्हे हो. ओढीचा."

दामूनं घासलेटाचा पेला उजेडात धरला, तळचं मीठ निरखलं, पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग एकदम तो हसला. घोगरं, मोठं हसू. "हातावरचा डामर पान्यानं जात नाय, घासलेटानं जातो. तेपन हेच?"

"तेच. डामराची आणि घासलेटाची जात एक. दोघांनाही टोकं नाहीत, म्हणून ती एकमेकांत मिसळतात."

"म्हंजे बाई, बरोबरीचे असले की आपापसात सुखी, आन कमीजास्त असले की जगाच्या उपेगी. असंच ना?"

"माणसांचं मी आता काही म्हणणार नाही," पुष्पलता घाईनं म्हणाली. "एकदा म्हणून बघितलं, पुष्कळ झालं." त्यावर हिरा तोंडाला ओढणी लावून हसली आणि दामू पुन्हा हसला.

ते हसू कुंपणापलीकडे गेलं असणार. कारण फटीपाशी कुंपणाच्या काटक्या करकरल्या आणि सोजराबाई उगवली. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती या अंगणात पाय ठेवत होती. येण्याला काहीतरी निमित्त हवं, ते ती घेऊनच आली होती.

"माझं घासलेट कुनी नासलं? आत मीठ टाकलंय! आता कंदिलात काय घालू?"

दामू बोलला, पेल्याकडे बघत. "वयनी, बस."

"बसायला नाय आले."

"पानी मी आधी सोडत होतो तुझ्या वाफ्यांना. दादा होता तवापन, गेला तवापन. तूच पाट बुजवलास."

पुष्पलतानं चमकून सोजराबाईकडे बघितलं. ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. रोज सकाळी "ओढ रे बाबा" म्हणणाऱ्या बाईनं, आपल्याकडे येणारं पाणी आपल्याच हातानं बंद केलेलं होतं.

"बुजवला," सोजराबाई म्हणाली. तिचा तिखट आवाज कुठं गेला ते कळलं नाही. "तुझा दादा गेला आन बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पानी आलं. ना हाक, ना विचारना. मला वाटलं, भीक घातली. तुझ्या भावाच्या मोगऱ्याला भिकेचं पानी कशाला घालू?"

"भीक कसली? आपलंच पानी. विचारायचं काय त्यात?"

"आपलंच, तर निरोप पोरीकरवी कशाला धाडतोस?"

दामूनं हातातली सुपारी खाली ठेवली. मग तो उठला, भावजयीसमोर उभा राहिला, आणि लहान मुलानं पाठांतर म्हणावं तसा एकेक शब्द म्हणाला. "वयनी, उद्या सोडू?"

"काय?"

"पानी. विचारतो हाय."

सोजराबाईनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "सोड," ती म्हणाली. "पन मोगऱ्याला आदी. वालाला मागनं."

सोमवारी सकाळी दामूनं कुदळ घेऊन बुजलेला पाट मोकळा केला. चार-सहा वर्षांचं गवत आणि माती निघाली, आणि दुपारी पाणी हळूहळू वाट शोधत मोगऱ्याच्या पहिल्या ओळीपाशी पोचलं. सोजराबाई तिथं आधीपासून उभी होती. पुष्पलता त्या वेळी वर्गात होती. तिनं ठरल्याप्रमाणे सगळ्यांसमोर सांगितलं, की परवाचं उदाहरण तिनं विचार न करता घेतलं आणि ते चुकलं. पहिल्या बाकावरून हिरानं हात वर केला.

"बाई, उदाहरण बरोबर होतं. फक्त अपुरं होतं."

"ते कसं?"

"तुम्ही पाट सांगितला नव्हता."

पुष्पलतानं खडू खाली ठेवला. "अणूंना पाट नसतो, हिरा," ती म्हणाली. "तिथं माझं उदाहरण संपतं. प्रत्येक उदाहरण कुठंतरी संपतं, एवढं लक्षात ठेवा, आणि आता कार्बन काढा."

क्लोरीनकाका हे नाव काही पुसलं गेलं नाही. पण दामू आता त्या हाकेला ओ द्यायचा, आणि कुणी अर्थ विचारला तर ओटीवर बसवून दोन पेले मागवायचा. फाल्गुनात विहिरीचं पाणी दरवर्षीसारखं मचूळ होऊ लागलं, समुद्र जवळ असल्यानं उपसा वाढला की तिथं खारं पाणी झिरपायचंच. त्या वर्षी दामूनं दुपारचा रहाट बंद ठेवला. त्याचा बाप तसंच करायचा, म्हणाला, विहिरीलापन दम खाऊ द्यावा लागतो. हिरा जूनमध्ये अकरावी पास झाली आणि मुंबईच्या कॉलेजात सायन्सला गेली. दामूनं तिला बोईसर स्टेशनावर स्वतः सोडलं. परत येताना तो शाळेत वळला आणि पुष्पलताला केळीचा घड देऊन निघून गेला.

पण त्याआधी होळी आली. होळीला किनाऱ्यावरचा माणूस कुठंही असो, घरी जातो. पुष्पलता सातपाटीला निघाली तेव्हा तिनं सोजराबाईला सहज म्हटलं, "चला माझ्याबरोबर. आई वाट बघते." सोजराबाई हो-नाही करत असतानाच विश्राम तांडेल स्वतः होडी घेऊन चिंचणीच्या किनाऱ्याला लागला. एसटीत लेकीचा वेळ कशाला घालवायचा, असं त्याचं म्हणणं.

सोजराबाईचा जन्म लाटांच्या आवाजात गेला होता, पण होडीत ती कधी बसली नव्हती. वाडीतल्या माणसाचं समुद्रात काय काम? तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पुष्पलताचा हात धरला, आणि डोळे मिटून आत पाय टाकला. विश्रामनं शीड सोडलं. वारा भरला. होडी कलली तशी सोजराबाईनं फळी घट्ट धरली आणि सगळ्या देवांची नावं घेतली.

थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. चिंचणीची सुरूची झाडं आणि माड मागं मागं जात होते. आपल्या घराची कौलं कुठली, ते ओळखायचा ती प्रयत्न करू लागली. मग तोही सोडून दिला. वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून उडवला तो तिनं परत घेतला नाही.

विश्राम सुकाणूपाशी बसून गालात हसत होता. "भ्या वाटतंय का, बाय?"

"नाय," सोजराबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "सातपाटी लगेच येते का हो?"

"येईल की. वारा चांगला हाय."

"जरा लांबनं घ्या ना."

"लांबनं? कुठनं?"

"कुठनंपन," सोजराबाई म्हणाली आणि हात पाण्यात सोडून बसली.